हिंग लावून विचारणं

विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत माझं लहानपण गेलं. तिथल्या आजीच्या पिढीतल्या बायकांची एक ठरलेली गोष्ट होती: अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या आईने आपल्याला इंजेक्शन दिलं होतं. माझी आजीही सांगायची. पदर सारून डावा दंड पुढे करायची आणि जागा दाखवायची. आजोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "गेल्या दिवाळीला उजवा होता."

दंडाचं सोडा, बाई खऱ्या होत्या. लिलियन कार्टर. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स नावाच्या खेड्यातल्या परिचारिका. नवरा वारलेला, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. वयाच्या ६८व्या वर्षी त्या पीस कोअरमध्ये, म्हणजे परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेत, भरती झाल्या आणि १९६६ ते १९६८ या काळात विक्रोळीत राहिल्या. आधी कुटुंबनियोजनाचं काम, मग दवाखान्यात. ज्या वर्षी त्या इकडे आल्या, त्याच वर्षी त्यांचा भुईमूगवाला मुलगा जिमी गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी पक्षातल्या पक्षात लढला आणि हरला होता.

आजीला हे सगळं आठवायला लागलं ते १९७६ नंतर. त्याआधी ती नुसती दवाखान्यातली गोरी म्हातारी होती. माझी आई म्हणते, "मुलगा निवडून आला आणि सगळ्यांच्या टोचलेल्या जागा दुखायला लागल्या."

मला हे वाक्य फार आवडतं. कोणालाही गांभीर्याने घेण्याची आपली वेळ साधारण हीच असते: निकालानंतरची.

पुढे नोकरीने मला नेऊन टाकलं ते नेमकं आयोवात. डी मॉइन हे विम्याच्या कंपन्यांचं शहर. तिथे माझ्यासारखे एच-वन-बीवाले आयटी कामगार ढिगाने. बाहेर मका, आत एक्सेल. आयोवा म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची पहिली चाचणी जिथे होते ते राज्य, एवढं ठाऊक होतं. पण ते पहिलं का, हे तिथे गेल्यावर कळलं, आणि कारण ऐकून हसायला आलं.

१९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्रींना उमेदवारी दिली. त्यांनी एकही प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवण्यासाठी मतदारांचं पक्षापुरतं मतदान, लढवली नव्हती. पुढाऱ्यांनी खोलीत बसून ठरवलं. पक्षाचं अधिवेशन शिकागोत होतं, आणि बाहेर रस्त्यावर पोलीस व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या पोरांना बडवत होते. त्या बदनामीनंतर पक्षाने नियम बदलले: सामान्य सभासदाला विचारा, वेळेत विचारा, कागदपत्रं सगळ्यांपर्यंत पोचवा. आयोवात ही प्रक्रिया चार पायऱ्यांची. आधी वस्तीची बैठक, म्हणजे कॉकस. मग कौंटी, मग 'जिल्हा' म्हणजे तिथल्या संसदेचा मतदारसंघ, मग राज्य. दोन पायऱ्यांत तीस दिवसांचं अंतर हवं. आणि पक्षाच्या कचेरीतलं सायक्लोस्टाइल मशीन जुनं, कागद काढायला वेळ लावणारं. उलटा हिशेब करत गेले तर पहिली बैठक १९७२च्या जानेवारीत येऊन पडली. अमेरिकेच्या राजकारणाची दिशा एका रखडणाऱ्या सायक्लोस्टाइलने बदलली, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. थोडं मीठमसाला लावून सांगत असतीलही, पण मूळ गोष्ट हीच.

आपल्याकडे हे प्रकरण समजावून सांगणं अवघड जातं. आपला उमेदवार पक्षाचे सभासद निवडत नाहीत, 'तिकीट' वरून येतं. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म ज्याच्या हातात पडला तो अधिकृत, बाकीचे बंडखोर. २०१४च्या लोकसभेला काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला होता. महाराष्ट्रातले वर्धा आणि लातूर त्यात होते. वर्ध्यात कोण जिंकलं? विद्यमान खासदारांचे चिरंजीव. पुढे दोन्ही जागा पडल्या आणि प्रयोगही गुंडाळला गेला.

तर डी मॉइनमध्ये माझ्या शेजारी एक आजी राहायच्या. तोंडावर नावानेच हाक मारायचे, तिथली तशी रीत, पण मनात आजीच. ऐंशीच्या पुढच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. बर्फ पडला की माझ्या आधी माझ्या पायऱ्या झाडून ठेवणाऱ्या. विक्रोळीची गोष्ट मी त्यांना पहिल्याच हिवाळ्यात सांगितली. एरवी कोणाही अमेरिकनला सांगितली की "हो का! काय योगायोग!" असं म्हणून माणूस मोकळा होतो. या मात्र एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मी त्याच्या कॉफीला गेले नाही."

१९७५च्या उन्हाळ्याच्या शेवटी शेवटी त्यांच्या गल्लीतल्या एका बाईंनी जॉर्जियाच्या माजी गव्हर्नरांसाठी घरी कॉफी ठेवली होती. आजींना निरोप आला होता. पण त्या दिवशी टोमॅटो बरण्यांत भरायचे होते, चुलीवर पाणी उकळत होतं, आणि कोण कुठला जिमी? त्या गेल्या नाहीत. तेव्हा त्यांचं मन मॉरिस यूडॉल या दुसऱ्या उमेदवाराकडे होतं. यूडॉल शहाणे, विनोदी, वॉशिंग्टनला ठाऊक असलेले. "टोमॅटो चांगले झाले होते," आजी म्हणाल्या. "पण चाळीस वर्षं मी त्या दुपारचा विचार करतेय."

त्या कॉफीला कोण आलं होतं हे आज मागे वळून पाहिलं की कळतं. त्या वेळचा कार्टर म्हणजे कोणी हिंग लावूनही विचारत नव्हतं असा माणूस. गव्हर्नर असतानाच, १९७३ साली, तो टीव्हीवरच्या 'धंदा ओळखा' छापाच्या एका खेळात गेला होता. प्रसिद्ध पाहुणा आला की ओळखणाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधत. याच्या वेळी बांधायची गरजच पडली नाही. आईला जाऊन सांगितलं की मी प्रेसिडेंटच्या निवडणुकीला उभा राहतोय, तर विक्रोळी बघून आलेल्या त्या बाई म्हणाल्या, "कशाचा प्रेसिडेंट?" डिसेंबर १९७४मध्ये त्याने उमेदवारी जाहीर केली, पुढच्या महिन्यात गव्हर्नरपदाची मुदत संपली आणि माणूस रिकामा झाला. हे रिकामपण हेच त्याचं भांडवल ठरलं. बाकीच्यांपैकी अनेकांना वॉशिंग्टनला संसदेत हजेरी लावायची होती. याला कुठेच जायचं नव्हतं, म्हणून हा सगळीकडे गेला.

आयोवातला त्याचा पहिला कार्यक्रम फेब्रुवारी १९७५मध्ये ल मार्स नावाच्या गावी झाला. कौंटीच्या दस्तनोंदणी कार्यालयातल्या एक बाई सदतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत होत्या, त्यांच्या निरोप समारंभाचा हा प्रमुख पाहुणा. म्हणजे आपल्याकडे भावी पंतप्रधान तलाठ्याच्या सेंड-ऑफला यावा, तसं. (ल मार्स आता आइस्क्रीमसाठी प्रसिद्ध आहे. मी दोनदा गेले, दोन्हीदा आइस्क्रीमसाठीच.) डी मॉइनला एका हॉटेलात स्वागतसमारंभ ठेवला तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं आली. मग मुक्कामाला हॉटेल नकोच, समर्थकांच्या घरी राहायचं आणि सकाळी आपलं अंथरूण आपण नीट करून निघायचं. खर्च वाचला आणि त्या त्या गावात एकेक घर आपलं झालं. ज्याच्या सोफ्यावर माणूस झोपून गेला, त्याच्याबद्दल "कोण जिमी?" असं विचारता येत नाही.

भोळेपणाचा मात्र मागमूस नव्हता. ऑक्टोबर १९७५मध्ये एम्स गावी पक्षाचं मोठं जेवण होतं आणि तिथे एक नमुना मतदान होणार होतं. कार्टरच्या माणसांनी आधीच हेरलं की वरच्या गॅलरीची तिकिटं स्वस्त आहेत. गॅलरी भरली, कार्टर पहिला आला, आणि दोनच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं की आयोवात कार्टर पुढे दिसतोय. झालं, आता तो गंभीर उमेदवार. हे कळलं तेव्हा मी जरा खट्टू झाले होते. 'गंभीर' हे विशेषण गॅलरीच्या तिकिटाच्या भावात मिळतं म्हणजे काय? पण मग वाटलं, बाकीच्यांना ते वॉशिंग्टनच्या पत्त्याच्या भावात मिळत होतं, एवढाच फरक.

१९ जानेवारी १९७६च्या कॉकसमध्ये कार्टरला साधारण २८ टक्के मिळाले. दुसऱ्या नंबरच्या सिनेटर बर्च बाय यांना १३. आणि पहिला नंबर? 'अजून ठरलं नाही' या गटाचा, ३७ टक्के. आपल्या भाषेत नोटा पहिला आला. पण त्या रात्री कार्टर आयोवात नव्हताच, तो न्यूयॉर्कला जाऊन बसला होता, सकाळच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी. देशाने उठून चहा-कॉफी घेताना टीव्ही लावला तर विजेता समोर हजर. त्यानंतर न्यू हॅम्पशायर, पुढची प्रायमरी होती ते राज्य. तिथे जॉर्जियाहून शेजारीपाजारी स्वखर्चाने विमान करून आले होते आणि बर्फातून दारोदार फिरत होते. त्यांचं नाव 'पीनट ब्रिगेड'. उन्हाळ्यापर्यंत उमेदवारी हातात, नोव्हेंबरात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यावर विजय, निर्वाचक मतं २९७ विरुद्ध २४०. फेब्रुवारी १९७७मध्ये राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यसंस्काराला अमेरिकेच्या वतीने लिलियनबाई भारतात आल्या आणि विक्रोळीलाही जाऊन गेल्या. माझ्या आजीचा दंड बहुधा तेव्हापासूनच दुखायला लागला.

टोमॅटोच्या त्या दुपारनंतर शेजारच्या आजींनी स्वतःपुरता एक नियम केला. जो कोणी येईल त्याला एकदा ऐकायचं. मत द्यायचं का, ते नंतर बघू.

२०१९च्या वसंतात त्यांनी माझं दार वाजवलं. वाचनालयात राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी मागणारा एकजण येतोय, चल. अँड्र्यू यांग. आमच्या मंडळाच्या गुढीपाडव्याला याच्यावर भरपूर विनोद झाले होते. दरमहा हजार डॉलर फुकट वाटणारा, कधी नगरसेवकसुद्धा नसलेला, जनमत चाचण्यांत एक टक्क्याच्या आसपास घुटमळणारा. मी म्हटलं, "मला तर मतच नाही. मी येऊन काय करू?"

"कान आहेत ना?"

खुर्च्या मांडल्या होत्या पंचवीस. आम्ही दोघी धरून माणसं अकरा. एका टेबलावर गरम कॉफीचा डबा आणि झाकण न लागणाऱ्या कागदी कपांची चळत. यांग आला, कोट होता, टाय नव्हता. ट्रम्पच्या अगदी उलट म्हणजे गणित आवडणारा आशियाई माणूस, हे त्याचं ठरलेलं वाक्य त्याने टाकलं, आम्ही दहाजण हसलो. आजी हसल्या नाहीत. मग तो यंत्रांवर आला. कारखान्यातल्या नोकऱ्या यंत्रांनी खाल्ल्या, आता दुकानांतल्या, कॉल सेंटरमधल्या आणि ट्रकचालकांच्या खाणार. अलास्कात तेलाच्या पैशातून १९८२पासून प्रत्येक माणसाला दरवर्षी रक्कम मिळते, मग देशभर का नको?

मी मनातून कौतुकाने ऐकत होते. बिचारा किती तळमळीने बोलतोय, असं. आणि शेजारी बघते तर आजींच्या मांडीवर स्पायरलची वही. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे त्याने सांगितलेलं, उजवीकडे त्यांचे प्रश्न. 'पैसे कुठून?' याच्याखाली दोन रेघा. प्रश्नांची वेळ आली तेव्हा पहिला हात त्यांचा. यांग म्हणाला, दहा टक्के व्हॅट लावायचा. आजींनी विचारलं, म्हणजे माझ्या किराणावर पण? त्यावरचं उत्तर लांबलं, पूर्ण पटलं नाही, पण तेही त्यांनी लिहून घेतलं. घरी येताना गाडीत मी म्हटलं, जरा कडकच बोललात त्याला. त्या म्हणाल्या, "बायडन आला असता तर मी हेच विचारलं असतं. याला कमी का विचारू?"

मी त्या रात्री बराच वेळ जागी होते, आणि डोळ्यासमोर येत होते कन्नमवार नगरातले एक काका.

१९९२च्या महापालिका निवडणुकीला हे काका अपक्ष उभे राहिले होते. चिन्ह कपबशी. बाबांचे मित्र. मी पत्रकं वाटली होती, एका संध्याकाळी शंभर. पत्रकाच्या मागच्या बाजूला त्यांनी प्रत्येक इमारतीला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं याचा तक्ता स्वतः फिरून काढून छापला होता. कुठल्या वळणावर पाइप बारीक होतो तेसुद्धा. लोक त्यांना चहा द्यायचे, पाठीवर थाप मारायचे, "काका, तुमचं धाडस मानलं!" म्हणायचे. बाबा म्हणायचे, "कप फुटणार, बशी राहणार." काकांना २१२ मतं पडली, डिपॉझिट गेलं. कोणी त्यांच्याशी वाईट वागलं नाही. पण तो तक्ता बरोबर आहे का, पाइप बदलायला किती खर्च येईल, तुम्ही निवडून आलात तर पहिल्या महिन्यात काय कराल, हे एकानेही विचारलं नाही. प्रश्न विचारायचे ते 'येणाऱ्या' उमेदवाराला. काकांना नुसता चहा.

वाचनालयात मीही यांगला तोच चहा पाजत होते.

गांभीर्याने घेणं म्हणजे प्रेमाने घेणं अशी समजूत करून घेऊ नये, हे २०१५ पाहिलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. त्या जूनमध्ये ट्रम्प सरकत्या जिन्यावरून खाली उतरले आणि एका मोठ्या वृत्तसंकेतस्थळाने जाहीर केलं की यांच्या बातम्या आम्ही मनोरंजनाच्या पानावर छापू. काही महिन्यांनी निर्णय मागे घ्यावा लागला. तोपर्यंत हसण्यात गेलेल्या दिवसांत कोणी वहीवर उभी रेघ मारून 'पैसे कुठून?' असं किती वेळा विचारलं असेल? त्या काळात मीही हसतच होते, हेही सांगून टाकते.

३ फेब्रुवारी २०२०ची रात्र. कॉकस आमच्या जवळच्या शाळेच्या जेवणघरात होतं. मी निरीक्षकांच्या खुर्चीत, भिंतीला टेकून. प्रत्येक उमेदवाराचं टेबल, त्यावर पाटी, आणि माणसं आपापल्या उमेदवाराच्या पाटीखाली जाऊन उभी. गुप्त मतदान नाही. शेजारी बघतोय, दूधवाला बघतोय, बॉस बघतोय. उपस्थिती १८०, पंधरा टक्क्यांचा उंबरठा म्हणजे २७ डोकी लागणार. यांगच्या पाटीखाली सतरा. बहुतेक विशीतली पोरं, एक ट्रकवाला जोडपं, आणि 'मॅथ' लिहिलेली टोपी घातलेले एक आजोबा. मोजणी झाली, गट बाद झाला. मग बाकीच्या टेबलांवरचे लोक बिस्किटांचे डबे घेऊन त्यांच्याकडे आले, आमच्यात या म्हणायला. त्या पोरांपैकी एक रडत होती आणि रडता रडता बिस्किट खात होती. आजी क्लोबुशारच्या टेबलाशी होत्या, पण उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मुलगी वॉरनकडे गेली.

त्या रात्री निकालच लागला नाही, निकाल कळवायचं ॲप कोसळलं. सायक्लोस्टाइलने दिलेलं ॲपने घालवलं म्हणायचं. यांगने आठच दिवसांत, न्यू हॅम्पशायरच्या रात्री, माघार घेतली.

मार्चअखेर महामारीच्या मदतीचा कायदा झाला आणि एप्रिलात माझ्या खात्यात १२०० डॉलर जमा झाले. काहीही न करता, सरकारकडून. ते यांगमुळे आले असं कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. एकदाच द्यायची मदत आणि दरमहा द्यायची रक्कम यांत फरक आहे. पण मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "तुमचे जमा झाले का?" हा प्रश्न दिवसभर फिरत होता, आणि गुढीपाडव्याला सगळ्यात मोठ्याने हसलेल्या गृहस्थांचा मेसेज त्यात पहिला होता.

त्यानंतर मी आयोवा सोडलं. पुढे डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४साठी आयोवाचा पहिला नंबरही काढून घेतला. रिपब्लिकनांनी मात्र तो ठेवला. त्या जानेवारीत मी आजींना फोन केला. उणे वीसची थंडी, पायऱ्या आता दुसरं कोणीतरी झाडतं. म्हणाल्या, "तुझा माणूस येऊन गेला इथे."

"माझा?"

विवेक रामस्वामी, रिपब्लिकनांकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणारा. सगळ्या नव्व्याण्णव कौंट्या दोनदा फिरलेला. मी म्हटलं, अहो, तो तमिळ घरातला, सिनसिनाटीत वाढलेला, आणि तुम्ही जन्माच्या डेमोक्रॅट! तुम्ही कशाला गेलात?

"कॉफी होती."

तो चौथा आला, आठ टक्क्यांच्याही खाली, आणि त्याच रात्री माघार घेऊन मोकळा झाला. मी विचारलं, मग कसा वाटला?

"एका शब्दाशी सहमत नाही," आजी म्हणाल्या. मग पानं उलटल्याचा आवाज आला. "थांब, माझ्याकडे लिहिलेलं आहे. पाच प्रश्न विचारले होते. दोनाची उत्तरं दिली त्याने. वाचून दाखवू?"